बारा टोपल्या आणि मूठभर बियाणे



पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात नुकतेच जाऊ लागलेले मूलही तो सांगू शकते. मात्र संत योहानाने या प्रसंगाच्या शेवटी एक लहानशी गोष्ट टिपून ठेवली आहे आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. लोक पोटभर जेवल्यानंतर प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला लावतो. त्यातले काही फुकट जाता कामा नये, अशी त्याची इच्छा असते. शिष्य गवतातून फिरतात, तुकडे गोळा करतात आणि बारा टोपल्या भरतात.

जरा विचार करा. ज्याने नुकतेच पाच भाकरींतून पाच हजारांना जेवू घातले, त्याला तुकड्यांची काय गरज होती? दुसऱ्या दिवशी भूक लागली असती तर पुन्हा चमत्कार करता आला असता. शिवाय त्या भाकरी जवाच्या होत्या. त्या काळी गव्हाची भाकर ऐपतदाराची आणि जवाची भाकर गरिबाची. म्हणजे गरिबाच्या भाकरीचे उष्टे-उरले तुकडे! तरीही शिष्यांना वाकून ते वेचावे लागले. आज आपण अशाच काही तुकड्यांविषयी चिंतन करणार आहोत. ते आपल्या डोळ्यांसमोर गवतात पडलेले आहेत आणि आपण त्यांच्यावरून चालत आहोत.

हवामानबदल हा शब्द आता आपल्या रोजच्या बोलण्यात आला आहे. अवकाळी पाऊस, मार्चमध्येच जाणवणारा उकाडा, आंब्याच्या मोहोराचे नुकसान, शेतात शिरणारे भरतीचे पाणी, हे सारे आपण पाहतो. या संकटात कोणते प्राणी आणि कोणत्या वनस्पती पृथ्वीवरून नाहीशा होतील, याच्या याद्याही वर्तमानपत्रांत येतात. परंतु एक नुकसान असे आहे, की जे अशा याद्यांत दिसत नाही. एखादी प्रजाती टिकून राहते, तिचे नाव टिकून राहते आणि तरीही ती आतून रिकामी होत जाते.

हे कसे होते, ते आपल्या ताटातल्या भातावरूनच पाहू. कोकणातल्या वयस्कर शेतकऱ्याला भाताची नावे विचारली, तर तो थांबत नाही. पटणी, वरंगळ, झिनी, मुणगा, आंबेमोहोर, वालय, काळा राता, भुरा राता... कोणी हळवा, कोणी गरवा. कोणी उंच वाढून वाऱ्याने आडवा होणारा, कोणी बुटका. एखाद्याचा दाणा तांबडा, एखाद्याच्या भाताचा घमघमाट शेजारच्या घरापर्यंत जाणारा. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लेखी मात्र हे सगळे एकच आहे: भात, एक प्रजाती. उद्या यातले सगळे वाण गेले आणि एकच उरला, तरी त्यांच्या यादीत भात आहे तो आहेच! यादी पाहणाऱ्याला वाटेल, काहीच हरवलेले नाही.

पण या वाणांमध्ये असलेला फरक केवळ रंगाचा आणि चवीचा नसतो. प्रत्येक जीवाच्या पेशींत जनुके असतात, म्हणजे आईवडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या सूचना. एकाच प्रजातीतल्या निरनिराळ्या वाणांत या सूचना थोड्या थोड्या निराळ्या असतात. एकाला पाण्यात बुडून तग धरण्याची सूचना मिळालेली असते, दुसऱ्याला खारट जमीन सोसण्याची, तिसऱ्याला उन्हाळ्याची. चांगल्या वर्षी या सूचना निरुपयोगी वाटतात. वाईट वर्षी त्याच जीव वाचवतात. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शरीराचे उदाहरण दिले आहे. सगळे शरीर जर डोळाच असते, तर ऐकण्याचे काम कोणी केले असते, असे तो विचारतो. तो मंडळीविषयी बोलत होता, हे खरे. परंतु भाताच्या शेतालाही ते लागू पडते.

नोहाच्या तारवाचे चित्र आपल्या मुलांच्या पुस्तकांत असते. जिराफांची जोडी, हत्तींची जोडी, कबुतरांची जोडी. त्यामुळे एक समजूत आपल्या मनात घर करून बसते, की प्रत्येक प्रजातीची एक जोडी वाचवली म्हणजे काम झाले. (उत्पत्तीच्या पुस्तकात शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या घ्यायला सांगितले आहे, हे आपण सहसा विसरतो.) निसर्गाचा अनुभव सांगतो, की एक जोडी पुरत नाही. चित्त्याचे उदाहरण घ्या. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी चित्त्यांची संख्या फार खाली गेली आणि आजचे चित्ते त्या मोजक्यांचे वंशज आहेत, असे शास्त्रज्ञ मानतात. १९८० च्या दशकात अमेरिकन संशोधकांनी एका चित्त्याच्या त्वचेचा तुकडा, त्याच्याशी नातेसंबंध नसलेल्या दुसऱ्या चित्त्याच्या अंगावर लावून पाहिला. एरवी शरीर परक्याची त्वचा थोड्याच दिवसांत झिडकारते. इथे मात्र चित्त्याच्या शरीराने ती बराच काळ आपलीच समजून ठेवून घेतली, इतके ते सारे एकमेकांसारखे! त्याच दशकात ऑरेगन राज्यातल्या एका प्राणी-उद्यानात एका विषाणूची साथ आली आणि तिथले अर्ध्याहून अधिक चित्ते दगावले. शेजारच्या सिंहांना काही झाले नाही. जे एकाला मारू शकते ते सगळ्यांनाच मारू शकते, अशी ती अवस्था.

माणसाच्या अन्नाच्या बाबतीत असे घडले तर काय होते, ते आयर्लंडमधल्या आपल्या श्रद्धावंत बांधवांनी भोगले आहे. एकोणिसाव्या शतकात तिथली गरीब, बहुतांशी कॅथोलिक जनता बटाट्यावर जगत होती. त्यातही 'लंपर' नावाच्या एकाच वाणावर. बटाटा कंदापासून लावतात, त्यामुळे नवे झाड हे जुन्याचीच हुबेहूब प्रत असते. १८४५ साली करपा आला आणि शेते काळी पडली. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणखी दहा लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. दोष एकट्या करप्याचा नव्हता. त्याच काळात आयर्लंडमधून धान्य परदेशी जात होते, आणि राज्यकर्त्यांचे काळीज दगडाचे होते, हेही सांगायला हवे. पण एका वाणावर सारा भार टाकला नसता, तर रोगाला इतके मोकळे रान मिळाले नसते.

बटाट्यापुढे एक रोग आला होता. आज भातापुढे बदलते हवामान उभे आहे, आणि ते एका बाजूने येत नाही. एका गावात ते पूर होऊन येते, दुसऱ्यात खारे पाणी होऊन, तिसऱ्यात उष्म्याच्या रात्री होऊन.

पुराचे पाहा. भात पाण्यात वाढतो म्हणून तो पाण्यात बुडून जगतो, असे नाही. रोप पूर्ण बुडाले, की साधारण वाणाचे रोप श्वास घेण्यासाठी धडपडत उंच वाढू पाहते. त्यात त्याची साठवलेली सगळी ताकद खर्च होते आणि पाणी ओसरेपर्यंत ते कोलमडते. ओडिशातल्या शेतकऱ्यांकडे एक जुना वाण होता, ज्याचे वागणे वेगळे. पाणी डोक्यावरून गेले, की तो वाढायचे थांबतो, जणू श्वास रोखून गप्प बसतो, आणि पाणी उतरल्यावर साठवलेल्या ताकदीवर पुन्हा वाढू लागतो. उपवासकाळात आपल्यापैकी पुष्कळांना जे जमत नाही, ते त्या रोपाला जमते! या वाणातून निवडलेल्या 'एफआर १३ ए' नावाच्या भाताचे उत्पन्न कमी होते, दाणा लोकांना फारसा आवडत नव्हता. संशोधक त्याच्यावर अनेक वर्षे काम करत राहिले. २००६ साली त्यातले पूर सोसणारे जनुक नेमके ओळखले गेले आणि 'स्वर्णा' या लोकप्रिय भातात ते आणून तयार केलेला वाण २००९ साली भारतात शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली राहूनही तो तग धरतो. बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला दगड कोनशिला झाला, हे स्तोत्रकर्त्याचे बोल आपण पास्काच्या काळात ऐकतो. त्या वेळी या नावडत्या भाताचीही आठवण व्हावी.

खाऱ्या पाण्याचे दुसरे उदाहरण बंगालचे आहे. मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळाने सुंदरबनातले बांध फोडले आणि समुद्राचे पाणी भातखाचरांत शिरले. जमिनीत मीठ राहिले. अधिक उत्पन्न देणारे नवे वाण तिथे उभेच राहिनात. तेव्हा लोकांना आठवण झाली ती आजोबांच्या खाऱ्या भाताची. पण बहुतेक घरांतून ते बियाणे केव्हाच गेले होते! डॉ. देबल देब या शास्त्रज्ञाने देशी वाण वर्षानुवर्षे जपून ठेवले होते. त्यांच्याकडून खारे पाणी सोसणाऱ्या भाताचे बी काही शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. बंगालच्या 'नोना बोक्रा'सारख्या वाणात मुळांतून वर चढणारे मीठ पानांपर्यंत पोहोचू न देण्याची शक्ती असते. आपल्या कोकणातल्या खारजमिनींत हेच काम राता भाताने पिढ्यानपिढ्या केले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने जे सुधारित वाण काढले, त्यांतल्या एकाच्या वंशावळीत हा भुरा राता आहे. म्हणजे नव्या भातालाही जुन्याच आजोबांचे रक्त लागले.

तिसरी गोष्ट उष्म्याची. भाताला फुलोरा आला, की काही तासांचा खेळ असतो. त्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि तासभर जरी तसेच राहिले, तर परागकण निकामी होऊ लागतात आणि लोंबीत पळींज राहते. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी २००४ साली एक निष्कर्ष मांडला. हंगामातल्या रात्रीच्या तापमानात एक अंशाची वाढ झाली, तर तिथल्या भाताच्या उत्पन्नात सुमारे दहा टक्के घट येते, असे त्यांना आढळले होते. दिवसाच्या उन्हाची सगळे तक्रार करतात. रात्रीच्या उकाड्याने शेत आतून पोखरते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या उष्म्यातही फुलोऱ्याला बऱ्यापैकी सांभाळणारा जो वाण जगभरचे संशोधक वापरतात, तो 'नगिना २२', आपल्या उत्तर प्रदेशातला जुना भात.

आता या तिन्ही गोष्टींत एक समान धागा आहे. हा गुण कोणत्याही प्रयोगशाळेने निर्माण केलेला नव्हता. तो आधीपासून होता, कुणाच्या तरी खाचरात होता, आणि जो हाती लागला तो कुणीतरी फेकून दिला नव्हता म्हणून. शास्त्रज्ञाला जनुक शोधता येते, एका वाणातून दुसऱ्यात नेता येते. पण जे हरवले आहे ते शोधणार कुठे? परमेश्वराने सृष्टीत भविष्यासाठी तरतूद करून ठेवली आहे. योसेफाने मिसर देशात सात वर्षे कोठारे भरून ठेवली, तशीच. फरक इतकाच, की योसेफाला दुष्काळ कधी येणार ते स्वप्नातून कळले होते. आपल्याला कोणत्या गुणाची गरज केव्हा पडेल, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून सगळीच कोठारे सांभाळावी लागतात.

आणि इथेच खरी अडचण आहे, बंधू-भगिनींनो. ज्या संकटासाठी ही शिदोरी लागणार, तेच संकट ती शिदोरी खाऊन टाकत आहे. रानातल्या जीवांच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. एखादी प्रजाती डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पसरलेली असेल, तर तिच्या पायथ्याच्या, उष्ण टोकाच्या कुटुंबांत उष्णता सोसण्याचे गुण असण्याचा संभव अधिक. हवामान तापले, की तीच टोकाची कुटुंबे आधी मरतात. उद्या ज्यांनी इतरांना शिकवायचे, तेच आधी जातात. डोंगरमाथ्यावरच्यांना तर आणखी वर सरकायला जागाच नसते. २०११ साली युरोपातल्या काही संशोधकांनी डोंगरी ओढ्यांत राहणाऱ्या नऊ कीटक-प्रजातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रजाती म्हणून यांतल्या बऱ्याचशा या शतकात टिकून राहतील, पण त्यांच्या पोटातले वेगवेगळ्या डोंगरांवरचे वेगवेगळे वंश मोठ्या प्रमाणात नष्ट होतील, असा त्यांचा अंदाज होता. ओढ्यातल्या किड्यांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण हिशेब सगळीकडे तोच आहे. दोन चिमण्या दमडीला विकल्या जात असल्या तरी पित्याला त्यांची खबर असते, ही प्रभूची शिकवण आपण विसरलेलो नाही ना?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्र लिहिले. नष्ट होणाऱ्या प्रजातींमध्ये उद्याच्या माणसाच्या गरजा भागवणारी जनुके असू शकतात, याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. मात्र ते तिथेच थांबले नाहीत. हे जीव केवळ आपल्या उपयोगासाठी नाहीत, आपल्या अस्तित्वाने ते देवाची स्तुती करतात आणि ती स्तुती बंद पाडण्याचा आपल्याला हक्क नाही, असेही त्यांनी बजावले. डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल येथे जगातल्या राष्ट्रांनी जैवविविधतेचा करार केला, त्यातही प्रजातींच्या आतली विविधता जपण्याचे वचन आहे. वचने पुष्कळ होतात. ती पाळणारे कोण, हा प्रश्न उरतोच.

हे वचन कसे पाळतात, याचे एक उदाहरण सांगतो. ते ऐकून मन हलल्याशिवाय राहत नाही. रशियात लेनिनग्राड शहरात निकोलाय वाविलोव या शास्त्रज्ञाने जगभर फिरून जमवलेल्या बियाण्यांचा मोठा संग्रह होता. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला. तो जानेवारी १९४४ पर्यंत चालला. लाखो माणसे भुकेने मेली. संग्रहाच्या इमारतीत तांदूळ होता, गहू होता, वाटाणे होते, मका होता. पोतीच्या पोती, पाकिटेच्या पाकिटे. तिथे काम करणारे शास्त्रज्ञ स्वतः उपाशी होते. दरवाजे त्यांच्या हातात होते, कोणी जाब विचारणार नव्हते. त्यांनी त्या बियाण्याला हात लावला नाही. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव हे भाताच्या हजारो पाकिटांच्या सहवासात भुकेने मरण पावले. त्यांचे आणखीही सहकारी असेच गेले. खुद्द वाविलोव त्या वेळी स्वतःच्याच सरकारच्या तुरुंगात होते आणि जानेवारी १९४३ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. हे लोक देवाला मानत होते की नाही, कोण जाणे. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तरच पीक येते, हे प्रभूचे वचन त्यांनी ऐकले होते की नाही, तेही आपल्याला ठाऊक नाही. पण आपण कधी पाहणार नाही अशा माणसांच्या भाकरीसाठी स्वतःची भाकर नाकारणे याला आपल्या धर्मात काय म्हणतात, ते वेगळे सांगायला नको.

आज असे संग्रह अनेक देशांत आहेत. दिल्लीत आपली राष्ट्रीय जनुकपेढी आहे. फिलिपीन्समधल्या संस्थेत भाताचे एक लाखाहून अधिक नमुने गोठवून ठेवले आहेत. २००८ साली उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार द्वीपसमूहात नॉर्वेने डोंगराच्या पोटात एक बीजभांडार उघडले. तिथली जमीन कायमची गोठलेली, म्हणून वीज गेली तरी बी सुरक्षित राहील, अशी योजना. २०१६ च्या शरद ऋतूत मात्र तापमान इतके चढले, की वितळलेले पाणी त्या भांडाराच्या प्रवेश-बोगद्यात शिरले. बी आत खोलवर असल्याने त्याला धक्का लागला नाही, आणि नंतर बोगद्याची दुरुस्तीही झाली. पण जगाच्या टोकाला बांधलेल्या तारवालाही पाणी लागलेच!

शिवाय गोठवलेल्या बियाण्याची आणखी एक मर्यादा आहे. शेतात दरवर्षी पेरलेले बी त्या त्या वर्षीचा पाऊस, त्या त्या वर्षीची कीड सोसते, त्यातून जे तगते तेच पुढच्या वर्षी पेरले जाते, आणि असे ते हवामानाबरोबर हळूहळू बदलत जाते. शीतकपाटातले बी जिथे होते तिथेच थांबते. चाळीस वर्षांनी ते बाहेर काढले, तर बाहेरचे जग त्याच्या ओळखीचे नसते. मालकाने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट इथे कोणाला आठवेल. तसे म्हणणे मला थोडे कठोर वाटते. जनुकपेढ्या नसत्या तर आपण आज कितीतरी अधिक गमावून बसलो असतो. पण पेढी आणि शेत दोन्ही लागतात, आणि शेत झपाट्याने कमी होते आहे.

मग शेतकऱ्याने काय करावे? संकरित आणि सुधारित बियाण्याला नावे ठेवणे फार सोपे आहे, विशेषतः ज्यांना चिखलात उतरावे लागत नाही त्यांना. या बियाण्याने देशाची भूक भागवली, हे नाकारता येणार नाही. जुना वाण उंच वाढतो, आडवा होतो, एकरी उतारा कमी देतो. ज्याच्यावर सोसायटीचे कर्ज आहे, मुलांची फी आहे, त्याने सगळ्या मानवजातीच्या भविष्यासाठी तोट्यातली शेती करावी, अशी अपेक्षा धरणे हा अन्याय आहे. आजवर हे ओझे गरिबांनीच वाहिले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या शाळेत न गेलेल्या आदिवासी भगिनीने गावठी बियाणे घरात जपले, वाढवले, इतर बायांना वाटले. २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कुठे शहरातल्या लोकांना त्यांचे नाव कळले. सन्मान झाला, चांगले झाले. पण त्या बियाण्याचा भात, त्या वालाची शेंग आपल्या बाजारात कोणी विकत घेतो का? आपल्याला तांदूळ पांढराशुभ्र हवा, एकसारखा लांब हवा, पॉलिश केलेला हवा. लग्नात तर तांबडा तांदूळ शिजवला म्हणजे यजमानाची ऐपत निघते! शेतकरी आपल्या ताटाकडे पाहून पेरतो. तेव्हा पहिली चौकशी ताटाची व्हायला हवी.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात चांगल्या जमिनीत पडलेले बी कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट येते. आपण नेहमी शंभरपटीवर बोट ठेवतो. प्रभूने मात्र तीसपट येणाऱ्याला चांगल्या जमिनीतून बाहेर काढलेले नाही. बाजार काढतो.

आपल्याकडे ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याचा सण होतो. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त असते. पुष्कळ ठिकाणी आता शेतेच राहिली नाहीत, त्यामुळे लोंब्यांची जुडी कोठून तरी मागवून आणली जाते. ती कोणत्या भाताची, हे कोणी विचारत नाही. यंदा ते विचारायला हरकत नाही. जुडीसोबत एक चिठ्ठी असावी: वाणाचे नाव, हळवा की गरवा, कोणाच्या शेतातला, ते शेत गोडे की खारे, आणि बी मुळात कोणाकडून आले. घरातल्या आजी-आजोबांना बसवून, त्यांच्या लहानपणी खाचरात कोणते भात होते, ती नावे मुलांकडून लिहून घ्यावीत. आजीला नुसती नावे आठवणार नाहीत, कोणत्या भाताच्या तांदळाच्या कोणत्या रोट्या आणि कोणत्या भाताची पेज, तेही आठवेल. तेही लिहून घ्यावे.

आणि एखाद्याच्या माळ्यावर मडक्यात किंवा डब्यात जुने बी सापडले, तर हुरळून जाऊन ते एकदम पेरू नये. कोकणच्या दमट हवेत भाताचे बी एक-दोन वर्षांतच मरू लागते. दहा दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधावेत, फडके सुकू देऊ नये आणि चार-पाच दिवसांनी उघडून पाहावे. सात-आठांना कोंब आले, तर पुढच्या पावसाळ्यात खाचराचा एक कोपरा त्याच्यासाठी राखून ठेवा. दोनांनाच आले, तर ते दोन कुंडीत लावा, उरलेले बी तसेच कोरड्या डब्यात ठेवा, आणि त्याच वाणाचे आणखी कोणाकडे शिल्लक आहे का, ते शेजारच्या धर्मग्रामांत विचारा. एक जोडी पुरत नाही, हे वर आलेच आहे.